नुक्ता

मनामा, सन त्रेचाळीस. बंदरावरच्या गुदामात
मी साबणाच्या जाहिरातीतल्या पोराचे गुलाबी गाल
तसेच ठेवले आणि भोवती वैमानिक रंगवला.
रंग वाया घालवायचा नाही, असं कंपनीचं फर्मान होतं.
विमानाला आठ आणे, पिंपाला तीन,
माणसाच्या चेहऱ्याचे वेगळे पैसे नाहीत.

आचऱ्याला मी दशावताराचे पडदे रंगवायचो.
समुद्र, समुद्रात शेष, शेषावर विष्णू.
इथे समुद्र तोच ठेवला,
शेषाच्या जागी तेलाची नळी आली
आणि वर, पाय पसरून, ग्रीसचा डबा.

अरबी मला येत नव्हती.
मुन्शी अब्दुर्रसूल कागदावर ओळ लिहून द्यायचा,
मी ती वेलबुट्टी समजून उतरवायचो
उजवीकडून डावीकडे, कुर्ली चालते तशी.
'प्रत्येक थेंब युद्धासाठी.'
वीस फुटी फळी, जकातीच्या धक्क्यावर,
जिथे तांदळाच्या गलबताची वाट बघत
बाया उन्हात बसून असायच्या, रिकामी पातेली उपडी घालून.
ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता.

चित्रासाठी समोर उभा केला जुमा बिन सालमीन.
बारा हंगाम मोती काढले त्यानं, मग मोत्यांचा बाजार बसला,
आता रिफायनरीत पिंपं ढकलतो.
साहेब म्हणाला, हसरा हवा.
मी म्हणालो, हस.
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.
मग कळलं, कानाचे दोन्ही पडदे फुटलेले,
आवाज त्यानं कधीच तळाशी ठेवून दिलेले,
शिंपल्यांच्या बदल्यात.
मी हसून दाखवलं. त्यानं ते उतरवून घेतलं,
मी अरबी उतरवायचो तसं, अर्थाच्या वाटेला न जाता.
फळीवर जे हसू आहे
ते माझं आहे.

उद्‌घाटनाच्या सकाळी
ब्रशाच्या टोकाला राहिलेला एक काळा थेंब
पडला. एका अक्षराच्या पोटात जाऊन बसला.
शोभत होता. राहू दिला.

साहेबानं पडदा ओढला. चहावाल्या पोरानं
मोठ्यानं वाचायला सुरुवात केली
आणि मध्येच खाली बसला.
हमाल पोत्यांवर आडवे, होड्यांवरचे खलाशी शिडाला धरून,
बायांनी तोंडं काळ्या अबायांत खुपसली,
खांदे तेवढे हलत होते.
मुन्शीनं कपाळ बडवून घेतलं.
अरे मेस्त्री, 'ह'ला खाली नुक्ता दिलास की 'ज' होतो!
हर्बचं जरब केलंस! युद्धाची खरूज केलीस!

प्रत्येक थेंब खरजेसाठी.

मी म्हटलं, आमच्यात जरब म्हणजे वचक,
मग चुकलं कुठे?
तो माझ्याकडे बघतच राहिला.

साहेबाला वाटलं, लोकांचा उत्साह.
त्यानं टोपी काढून हलवली,
आणि ऐकतो की वरही तसंच कळवलं.

जुमानं मला खांद्याला धरून हातानं विचारलं,
काय झालं?
आता खूण कशी करायची.
मी फळीकडे बोट दाखवलं, मग कोपर खाजवलं.
त्यानं बाही वर केली.
मनगटापासून दंडापर्यंत पुटकुळ्या, लाल,
कामगारांच्या बराकीतली कांबळी सगळ्यांना सारखंच देतात.
त्यानं फळीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं,
आणि मग हसला. खालचे तीन दात नाहीत,
आवाज बैलाच्या हंबरण्यासारखा,
स्वतःलाच ऐकू न येणारा.
हे हसू मावेल अशी फळी
कंपनीकडे नव्हती.

रात्री कंदील धरून मी तो ठिपका पात्यानं खरवडला.
खारं वारं. रंग सुटतो, डाग सुटत नाही.
उन्हं तिरपी झाली की अजून दिसतो.

पुढची ऑर्डर सोमवारी आली,
तिन्ही भाषांत: भिंतीलाही कान असतात.
कान चार फुटी पाहिजे, हुबेहूब, म्हणाले.
मी जुमाला निरोप धाडला.